गावाला गेलेली पुस्तकं : पर्वती पायथ्याच्या एका सुट्टीची हकिकत

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिसरीतल्या एका मुलाने माझ्यासमोर ‘पर्वती’ हा शब्द ‘पवर्ती’ असा वाचला. पोरगा राहतो पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायथ्याशीच. बसच्या पाटीवर, दुकानांच्या फलकांवर, आधारकार्डावरच्या पत्त्यात हा शब्द तो रोज बघतो. पण बघणं वेगळं आणि वाचणं वेगळं. रफार ‘व’च्या डोक्यावर बसलेला, म्हणून त्याने आधी ‘व’ म्हटला आणि मग ‘र’. त्याच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे की! डोळ्यांना जे आधी दिसलं ते आधी.

मी पेठेतल्या एका छापखान्यात प्रूफं वाचते. सरकलेला रफार जागेवर आणणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे असेल कदाचित, पण हा मुलगा डोक्यात राहिला. पुढे काय झालं ते लिहून ठेवते आहे, कारण आम्ही त्या सुट्टीत जे ठरवलं होतं ते जवळजवळ सगळं फसलं आणि जे ठरवलं नव्हतं त्यातून थोडंफार हाती लागलं.

हकिकत २०२५ सालच्या उन्हाळ्याची. १ मेला निकाल, २ तारखेपासून सुट्टी, १६ जूनला शाळा. वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही तिघं वाचनवर्ग चालवतो : मी, बी.एड. करणारा एक दादा आणि पोस्टातून निवृत्त झालेले काका. कपाटाच्या किल्ल्या आणि पुस्तकांचं रजिस्टर काकांच्या ताब्यात. कपाटात पुस्तकं ३९. शिवाय प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून उतरवलेल्या गोष्टी, छापखान्यातल्या उरलेल्या कागदावर छापून मधोमध दोरा घातलेल्या. त्या गोष्टी छापून वाटायला परवानगी असते, त्यामुळे मालकांनीही ‘कागद वाया जाण्यापेक्षा बरं’ म्हणून होकार दिला.

मुलं अकरा. तिसरी ते सहावीची, कुणी महापालिकेच्या शाळेतली, कुणी अनुदानित शाळेतली. सुट्टी लागायच्या आधी प्रत्येकाला एकेकटं बसवून वाचून घेतलं. मुलांना कितपत वाचता येतं हे बघणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत वापरतात तीच साधी शिडी : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. चार मुलं गोष्टीवर, चार परिच्छेदावर, तीन शब्दांवर. ‘पवर्ती’ वाचणारा मुलगा परिच्छेद कसाबसा पार करायचा आणि गोष्टीत अडायचा. त्याची बहीण पाचवीतून सहावीत चाललेली, घडाघडा वाचणारी. मुलांची नावं लिहीत नाही. यापुढे ती थोरली आणि हा धाकटा.

सुट्टीत नक्की काय जातं

सुट्टीत मुलं विसरतात, असं सगळेच शिक्षक सांगतात. जूनचे पहिले पंधरा दिवस मागचं उकरून काढण्यात जातात, हे तर गृहीतच. परदेशात यावर पुष्कळ मोजमाप झालं आहे. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सुट्टीतली घसरण सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी निघाली. ती वाचनापेक्षा गणितात जास्त होती. वाचनात मात्र घरच्या परिस्थितीनुसार फरक पडत होता. बाल्टिमोर शहरात १९८२ पासून मुलांच्या एका गटाचा कित्येक वर्षं माग काढणाऱ्या एन्टविसल आणि अलेक्झांडर यांनी याला नळाची उपमा दिली. शाळा चालू असते तेव्हा सगळ्यांच्याच नळाला पाणी. सुट्टीत नळ बंद झाला की ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांचं भागतं, बाकीच्यांचे हंडे रिकामे. डोंगरउतारावरच्या वस्तीत ही उपमा कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

पण हे आकडे उचलून इथे चिकटवू नयेत, असं माझं मत. तिकडची सुट्टी दहा-बारा आठवड्यांची, आपली सहा-साडेसहाची. शिवाय पॉल फॉन हिपेल या अभ्यासकाने २०१९ मध्ये जुने निष्कर्ष नव्या चाचण्यांवर ताडून बघितले, तेव्हा सुट्टीत दरी वाढते हे ठामपणे दिसेना. आपल्याकडे शाळा बंद राहिल्याने काय होतं ते करोनात कळलं. अझीम प्रेमजी विद्यापीठाने पाच राज्यांतल्या सरकारी शाळांच्या १६,०६७ मुलांची पाहणी करून २०२१ मध्ये सांगितलं की ९२ टक्के मुलांनी मागच्या वर्षीचं भाषेतलं निदान एक तरी कौशल्य गमावलं होतं. ती बंदी लांबलचक आणि भयाची होती, मे महिन्याची सुट्टी नव्हे. तरी इतकं कळतं, की नुकतं आलेलं वाचन आधी निसटतं. पक्कं झालेलं जात नाही. थोरलीची काळजी नव्हती. धाकट्याची होती, कारण त्याची जोडाक्षरं नुकती कुठे अंग धरत होती.

तक्ता आणि चांदण्या

आमचा बेत असा : शनिवार-रविवार सोडून १३ जूनपर्यंत रोज दुपारी चार ते साडेपाच, असे ३१ दिवस. भिंतीवर रंगीत तक्ता. एक पुस्तक वाचलं की एक चांदणी.

तक्त्याचं आधी सांगून टाकते. कल्पना माझीच होती आणि ती वाईट होती. सहा दिवसांत एका मुलीच्या नावापुढे चौदा चांदण्या लागल्या, आणि त्या बहुतेक आठ पानांच्या एकाच गोष्टीच्या. पुन्हा पुन्हा तेच पुस्तक आणायची आणि ‘ताई, झालं’ म्हणायची. पुन्हा वाचण्यात काही वाईट नाही, पण ती वाचतही नव्हती. तिला तोंडपाठ होतं. उलट ज्या तिघांना अजून शब्दच लागत होते त्यांच्यापुढे एकेक चांदणी, तीही दादाने दया म्हणून लावलेली. त्यातला एक तिसऱ्या दिवसापासून दाराबाहेर उभा राहून आत डोकावायचा, आत यायचा नाही. परीक्षेला सुट्टी द्यायची म्हणून वर्ग काढला आणि भिंतीवर मार्कलिस्ट टांगली! सहाव्या दिवशी तक्ता उतरवला.

तोवर मोठा घोटाळा समोर आलाच होता. २ तारखेला अकरा मुलं होती. त्याच आठवड्यात तिघं गावाला गेली. शुक्रवारी, ९ तारखेला, आणखी चौघं सांगायला आली की उद्या-परवा आम्ही पण चाललो. स्वारगेट इथून चालत जाण्याच्या अंतरावर. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पोरांना आधीपासूनच अर्धं. एक आई म्हणाली, “आधी दोन दिवस जायचो ताई, आता महिनाभर जातो. शंभरात जातंय, त्यामुळे दोनशे कशाला घालवायचे असं म्हणायचं कारणच नाही राहिलं.”

मे महिन्यात पुण्याच्या वस्तीतली मुलं मामाकडे जाणार, हे आम्हाला माहीत नव्हतं? मी स्वतः लहानपणी एप्रिलचा पेपर टाकून थेट आजोळी जायची. तरीही बेत आखताना तिघांपैकी एकालाही हे सुचलं नाही. सुट्टीतला वर्ग आम्ही शाळेसारखा आखला : एक जागा, एक वेळ, हजेरी. जी मुलं जागेवर राहतात त्यांच्यासाठी हे ठीक. आणि गावाला जाणाऱ्यांत नेमकी ती होती ज्यांच्यासाठी वर्ग काढला होता.

रजिस्टरचा प्रश्न

त्या शुक्रवारी संध्याकाळी आमची जवळपास बाचाबाची झाली. माझं म्हणणं, मुलांना पुस्तकं बरोबर देऊ. काकांचं म्हणणं, एकही परत येणार नाही.

काकांना दोष देत नाही. पुस्तक हरवलं की कुणीतरी उत्तर द्यायचं असतं, ही भीती फक्त आमच्या कपाटाची नाही. वस्तीजवळच्या एका शाळेतल्या बाईंशी मी याबद्दल बोलले होते. त्यांच्या शाळेत गोष्टीच्या पुस्तकांचं एक कपाट भरलेलं आहे, चांगली पुस्तकं आहेत. पण ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला चढलेली. तपासणीत कमी भरली तर शिक्षकाने भरून द्यायची. मग मे महिन्यात, जेव्हा मुलांना वेळच वेळ असतो, तेव्हा कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. बाई म्हणाल्या, “पुस्तकं नवीकोरी राहिली की आमचा शेरा चांगला.” पुस्तक कोरं राहणं हा वाचनालयाचा गुण कसा काय ठरला कोण जाणे!

शहरात वाचनालयांना तोटा नाही. लोकहितवादींच्या काळात, १८४८ साली सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर अजून चालू आहे. पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासूनचं. पण दोन वर्षांपूर्वी थोरलीचे वडील शहरातल्या एका वाचनालयात तिला घेऊन गेले, तेव्हा त्यांच्याकडे अनामत आणि पत्त्याचा पुरावा मागितला. लाइटबिल घरमालकाच्या नावावर. रिक्षाचा धंदा सोडून दुसऱ्यांदा खेप घालणं त्यांना जमलं नाही. कुणी उद्धट बोललं नव्हतं, नियम होता एवढंच. आम्हीही आता तोच नियम लावायचा का, हा माझा काकांना प्रश्न होता.

शेवटी काकांनी रजिस्टर उघडलं आणि एक अट घातली : कोण कुठल्या गावाला, कुणाच्या घरी चाललंय, ते पूर्ण लिहून घेणार. पोस्टमन तो पोस्टमनच. अनामत नाही, दंड नाही. चार मुलांना मिळून १७ पुस्तकं गेली.

कुणी काय उचललं

निवड मुलांची, हे ठरलेलं होतं. रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रॅन्झन यांचा फ्लोरिडातला एक प्रयोग मला माहीत होता, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. गरीब घरांतल्या मुलांना त्यांनी सलग तीन सुट्ट्यांत दरवेळी बारा पुस्तकं दिली, मुलांनी स्वतः निवडलेली, आणि ही मुलं वाचनात पुढे राहिली. कागदावर हे फार छान वाटतं. प्रत्यक्षात धाकट्याने उचललेलं पुस्तक बघून माझे हात शिवशिवायला लागले. क्रिकेटवरचं, बारीक टाइपातलं, सातवी-आठवीच्या मुलासाठीचं. मुखपृष्ठावर बॅट उगारलेला फलंदाज. त्यातलं एक पान त्याला धड वाचता येणार नव्हतं. मी त्याच्या पातळीचं, मोठ्या अक्षरांचं हत्ती-उंदराचं पुस्तक पुढे केलं. त्याने ते घेतलं, बघितलं आणि शांतपणे परत ठेवलं. “हे बारक्या पोरांचं आहे.” गप्प बसले. त्याने चार घेतली, थोरलीने सहा.

दादाने आणखी एक काम जोडून दिलं. रोज एक मिनिट काहीही वाचायचं आणि आईच्या फोनवरून आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. हेही हवेतून आलेलं नव्हतं. जेम्स किम यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगात नुसती पुस्तकं घरी दिलेल्या मुलांत विशेष फरक पडला नाही. ज्यांना मोठ्याने कसं वाचायचं आणि वाचलेलं कसं समजून घ्यायचं ते आधी शिकवलं, आणि घरी कुणीतरी ऐकायलाही होतं, ती पुढे गेली. आमच्याकडे शिकवायला वेळ उरला नव्हता. ऐकायचं तेवढं कबूल करता आलं. शनिवारी सकाळी बहीण-भाऊ आईबरोबर बार्शी तालुक्यातल्या मामाच्या गावी गेले.

शांतता, आणि मग कटिंगचं दुकान

पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी थोरलीचा आवाज आला, एकदम खणखणीत, मागे शेळीचं ओरडणं. नंतर तिचा जवळपास एकदिवसाआड. धाकट्याचा नाहीच. बारा दिवस गेले. दादा म्हणाला, फोन करून विचारू या. मी म्हटलं, विचारलं की तो गृहपाठ झाला. पण न राहवून मीच आईला फोन लावला. ती म्हणाली, “वाचतंय की ताई. पन बुकातलं न्हाय वाचत, पेपरातलं वाचतंय. कटिंगच्या दुकानात जाऊन बसतंय नुसतं.”

उलगडा पुढे झाला. आयपीएल ९ मेला थांबली होती, सीमेवरच्या तणावामुळे, आणि १७ तारखेला पुन्हा सुरू झाली. धाकटा मुंबई इंडियन्सवाला. मामाच्या घरी टीव्ही बंद पडलेला, फोनचं रिचार्ज जपून वापरायचं. गावात पेपर यायचा तो केशकर्तनालयात. २१ मेला मुंबईने दिल्लीला वानखेडेवर हरवलं. गावाकडच्या आवृत्तीत रात्रीच्या सामन्याचा सगळा धावफलक एक दिवस उशिरा छापून येतो, ही त्याची कायमची तक्रार. तर २३ तारखेला रात्री त्याचा पहिला आवाज आला. बेचाळीस सेकंद. मी तो कितीदा ऐकला असेल सांगता येत नाही.

“सुऱ्य... सुऱ्यकुमार यादव... नाबाद... त्र्याहत्तर.”

सुऱ्या म्हणजे चाकू. मला हसू आलं. मागून थोरलीचा आवाज : “सुऱ्य नाय रे! टोपी कुणी घातलीय बघ. ज्याने टोपी घातलीय त्याच्या आधी र म्हण.” थोडी शांतता. कुत्रं भुंकतं. मग, “सूर्... य. सूर्यकुमार.” आणि लगेच, कुणी न सांगता, “हार्... दिक. हार्दिक! ताई, हार्दिकला पण टोपी आहे.”

आता मुंबईचा तो संघ जरा प्रूफवाचकाच्या डोळ्यांनी बघा. सूर्यकुमार. हार्दिक. रोहित शर्मा. तिलक वर्मा. कर्ण शर्मा. रफारांची नुसती रांग! वर ट्रेंट बोल्ट, म्हणजे ‘ट’च्या पायाशी वाकडा बसणारा दुसरा ‘र’. मराठीत र चार-पाच वेशांत फिरतो आणि तिसरी-चौथीतली मुलं इथेच सर्वांत जास्त ठेचकाळतात. रफाराच्या सरावाचा तक्ता मी मुद्दाम करायला बसले असते तरी इतका चांगला जमला नसता. या मुलाला ही नावं कानाने पाठ होती. उच्चार आधीच तयार होता, अक्षर फक्त त्याला जोडून घ्यायचं होतं. ‘पर्वती’चं तसं झालं नाही, कारण पर्वती वाचायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. ती तर समोरच उभी आहे.

एकूण त्याचे आठ आवाज आले. सगळे धावफलकाचे. ‘झे.’ म्हणजे काय, ‘गो.’ म्हणजे काय, हे त्याने दुकानदाराला विचारलं. ‘अवांतर’ला त्याने ‘फुकटच्या रन’ असा अर्थ लावला, जो कुठल्याही शब्दकोशाहून सोपा आहे. १ जूनला श्रेयस अय्यरने ८७ धावा काढून मुंबईला बाहेर काढलं, त्याचा धावफलक त्याने वाचलाच नाही. नुसतं म्हणाला, “आज नाही वाचणार.” वाचणाऱ्याचा हा हक्क आम्ही मान्य केला.

आणि ते बारीक टाइपातलं पुस्तक? ते त्याने वाचलं नाही. पण फोटोंखालच्या ओळी सगळ्या वाचल्या.

मागे राहिलेले चौघं

समाजमंदिरात चार मुलं उरली. चार मुलांना चार ते साडेपाच असं बांधून ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून बाहेर पडलो. एका सकाळी स्वारगेटहून मंडईपर्यंत भुयारी मेट्रोने गेलो. एकच स्टेशन, पण पाट्या वाचण्यात इतका वेळ गेला की सुरक्षारक्षक दोनदा चौकशी करून गेला. तिथून चालत अप्पा बळवंत चौक. जूनमध्ये तिथे पाठ्यपुस्तकांसाठी पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्यात दुकानदाराला मुलांशी बोलायला सवड असते. प्रत्येकाच्या हातात शंभर रुपये, काय घ्यायचं ते त्यांनी ठरवायचं. दाराबाहेर उभा राहणारा तो मुलगाही आला होता. त्याने कोड्यांची दोन पातळ पुस्तकं घेतली आणि उरलेल्या तीस रुपयांची भेळ. हिशोब चोख.

घरी फोन असलेल्या एका मुलीला ‘किशोर’चे जुने अंक उघडून दिले. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासूनचं आणि त्याचे अंक नेटवर फुकट वाचता येतात. तिला त्यातल्या गोष्टींपेक्षा जुन्या चित्रांतल्या मुलींचे फ्रॉक आवडले. असो, पानं तरी उलटली.

२६ मेला मान्सून पुण्यात दाखल झाला, वेळेच्या बराच आधी. त्याआधीही महिनाभर वळीव झोडपत होताच. समाजमंदिराचा पत्रा गळायला लागला आणि तीन दिवस वर्ग बंद.

जूनमध्ये काय दिसलं

बहीण-भाऊ ८ जूनला परत आले. शाळा सुरू व्हायच्या आधी पुन्हा सगळ्यांना एकेकटं बसवलं, तीच शिडी, मजकूर वेगळा. अकरातली एक मुलगी परतलीच नाही, तिच्या वडिलांचं काम दुसरीकडे लागलं. उरली दहा.

पुस्तकं न घेता आधीच गेलेल्यांपैकी दोघं आली होती : एक होता तिथेच, एक परिच्छेदावरून शब्दांवर. ती मुलगी कागदाकडे बघून म्हणाली, “येत होतं मला, आता तोंडात येत नाहीये.” राहिलेल्या चौघांत दोघांची एकेक पायरी वाढली, त्यात भेळवालाही आला. एक जागेवर. चौथी, चौदा चांदण्यांवाली, एकही दिवस न चुकवता आली आणि एप्रिलपेक्षा अडखळत वाचत होती. हे मला बोचलं. पावसानंतरच्या दोन आठवड्यांत आम्ही बहुतेक खेळ आणि चित्रंच घेतली होती. वर्गात हजर असणं म्हणजे वाचणं, असं आम्हीच धरून बसलो होतो.

पुस्तकं नेलेल्या चौघांत थोरली आधीच वरच्या पायरीवर, तिचं या शिडीने काही कळायचं नाही. दोघं जागेवर राहिली, सुट्टीनंतर तेही काही कमी नाही. धाकट्याने गोष्ट वाचली. थांबत थांबत, पण वाचली. ‘सूर्य’ आला तिथे तर माझ्याकडे बघून हसला. मग मी कागदावर ‘पर्वती’ लिहिलं. त्याने सरळ वाचलं आणि वर ऐकवलं, “हे मला आधीपासूनच येत होतं.”

पण एक नवी चूक उपटली. ‘डोंगर आणि दऱ्या’ हे त्याने ‘डोंगर आणि दर्या’ असं वाचलं. आता ‘र’ आणि ‘य’ एकत्र दिसले की त्याला सगळीकडे सूर्यकुमारच दिसतो. मे महिन्यात सूर्याची सुरी करणारा जूनमध्ये दरीचा समुद्र करतो आहे. माझ्या धंद्यात याला चूक म्हणतात. दादा म्हणाला, नियम सापडलाय म्हणून तो जास्तीचा लावतोय, आधी नियमच नव्हता. या बाबतीत दादाचं खरं असावं.

दहा मुलांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. धाकटा पुस्तकामुळे सुधारला असं तर मुळीच म्हणता येणार नाही, त्याने पुस्तक उघडलं ते फोटोंसाठी. आवाज पाठवायचा नसता तर त्याने धावफलक मोठ्याने वाचला असता का? मला वाटतं, मनातल्या मनात वाचला असता, आणि सूर्यकुमार नुसत्या आकारावरून ओळखून पुढे गेला असता, जसा इतकी वर्षं पर्वतीवरून गेला. मोठ्याने वाचलं म्हणून चूक थोरलीच्या कानावर पडली. आमच्या कानांपेक्षा तिच्या कानाचं काम मोठं. पुढच्या सुट्टीसाठी म्हणून आम्ही पहिल्या दिवशी हजेरीऐवजी कोण कधी कुठे जाणार आणि तिथे ऐकायला कोण असेल, एवढंच लिहून घेणार आहोत. तिसरीतल्या मुलाबरोबर सहावीतलं कुणी जाणार असेल तर तिला टोपीसारख्या चार युक्त्या आधी शिकवून.

राहिला पुस्तकांचा हिशोब. १७ गेली, १३ आली. त्यातलं एक पावसात भिजून पोळीसारखं फुगलेलं, थोरलीने चुलीजवळ वाळवलेलं, त्यामुळे धुराचा वास. उरलेली चारही थोरलीच्याच नावावर. काका रजिस्टर उघडून बसले होते. ती मान खाली घालून उभी, पण रडवेली नव्हती. म्हणाली, मामाची मुलगी वाचत होती, तिच्या शाळेचं कपाट बंद असतं सुट्टीत, तिचं संपलं नव्हतं, मग कसं काढून घ्यायचं?

काकांनी आधीच त्या चार ओळींपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीने ‘येणे’ लिहून ठेवलं होतं. त्यांनी रबर मागितला. खोडलं. चष्मा पुसला आणि थोरलीला विचारलं, “मामाच्या मुलीचं पूर्ण नाव सांग. आणि पिनकोड?”

पिनकोड तिला सांगता आला नाही. मग फोनवर मामाला विचारला, आणि काकांनी तो शाईने लिहिला.